अण्णांच्या आवाजाचं गाणं

आम्ही दोघी मिळून रॅप करायचो, मी आणि माझी मैत्रीण. दोघी दक्षिण महाराष्ट्रातल्या, कोल्हापूरच्या बाजूच्या, आणि दोघी सिंगापुरात नोकरीला. आमच्या भागातल्या बायका ‘मी आले, मी गेले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. गाण्यांतही आम्ही तसंच बोलायचो. इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा गाणं म्हटलं, तेव्हा पुण्याच्या एक बाई नंतर जवळ येऊन मला म्हणाल्या, की कल्पना छान आहे, पण पुरुषांचा वेश पण करायला हवा होता. त्या बाईंवरही आम्ही एक गाणं केलं. आमच्या जोडीला एक नाव होतं. ते मी इथे देत नाही. ते आता एकाच गाण्यासाठी ओळखलं जातं, आणि त्या गाण्यासाठी मला कुणी ओळखावं असं मला वाटत नाही.

मैत्रीण माझी सांगलीच्या कॉलेजातली. हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो. ती दिसायला बारीक, आवाज खर्जातला, आणि समोरच्याचं नेमकं दुखरं ठिकाण तिला लगेच कळायचं. कुणी मुलगी खोलीत येऊन बसली, की ती उठायच्या आत हिच्या दोन ओळी तयार असायच्या. सगळ्या हसायच्या, जिच्यावर केलं ती सोडून. एकीच्या मानेवर आणि हातांवर कोड होतं. हिने तिच्यावर केलेल्या ओळी मेसमध्ये मुली ताटं वाजवून म्हणायला लागल्या. पुढच्या सत्राला ती मुलगी हॉस्टेलवर आलीच नाही. मी मैत्रिणीला म्हटलं होतं, की हे वाईट केलंस. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “खोटं केलं का ते सांग.”

सुट्टीत ती तिच्या घरी कमी आणि आमच्या घरी जास्त असायची. त्याचं कारण माझे वडील. अण्णा नोकरीला दूध संघात होते, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखायचे ते कुस्तीच्या मैदानातले निवेदक म्हणून. जत्रांचा हंगाम सुरू झाला, की त्यांचा घसा आणि आमच्या घरातलं गरम पाणी यांना उसंत नसायची. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, मागच्या वर्षी त्याने कुणाला कुठल्या डावावर घेतलं, हे सगळं ते हलगीच्या ठेक्यावर एका दमात सांगत सुटायचे. आणि कुस्ती जुळली, दोघे एकमेकांत गुंतले, की एकदम गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याने सगळं मैदान गप्प व्हायचं.

मैत्रीण त्यांच्या शेजारी, माईकच्या पेटीवर बसायची. मी खाली बायकांत आईजवळ. अण्णा तिला धाकटी म्हणायचे. मी थोरली, ती धाकटी. तोंडात शब्द कसे भरायचे आणि कुठे सोडायचे, हे ती त्यांच्याकडूनच शिकली, माझ्यापेक्षा जास्त शिकली. हे मी तिच्या समोरही म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

पुढे माझं लग्न झालं. नवरा पुण्याचा, आयटीतला. मला जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये नोकरी लागली आणि आम्ही यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागलो. मुलगी इथेच झाली. काही वर्षांनी मैत्रीण संशोधक म्हणून इथल्या विद्यापीठात आली आणि क्लेमेंटीला एका म्हाताऱ्या चिनी बाईंच्या घरी तिने खोली घेतली. रविवारी ती आमच्याकडे यायची. एका रविवारी मटण शिजेपर्यंत तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला, मी अण्णांची नक्कल सुरू केली, आणि नवऱ्याने मोबाईलवर ते रेकॉर्ड केलं. आमचं पहिलं रेकॉर्डिंग तेच. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.

इथल्या फ्लॅटमध्ये बॉम्बपासून बचावासाठी एक छोटी खोली असते. तिला शेल्टर म्हणतात. भिंती जाड, दार लोखंडी, खिडकी नाही. सगळे तिथे तांदूळ आणि बॅगा ठेवतात. आम्ही बॅगा बाहेर काढल्या, भिंतींना गाद्या लावल्या आणि माईक टांगला. दार लावलं की पंखा बंद ठेवावा लागायचा, आणि गाणं संपेपर्यंत दोघींच्या कपड्यांतून घाम निथळायचा. मुलगी बाहेरून दार वाजवून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची, “मम्मी, सो लाउड लाह,” आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरू करायचो.

ठेके मैत्रीण तिच्या लॅपटॉपवर करून आणायची. आवाज मात्र आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड व्हायचे आणि पक्की गाणी तिथेच राहायची. मी हरवून बसतो, तुझ्याकडंच असू दे, असं ती म्हणायची. गाणी लोकांपर्यंत पोहोचवायची तीही माझ्याच खात्यावरून, कारण असल्या कटकटी ती करत नसे. पासवर्ड दोघींना माहीत होता.

पहिलं गाणं आमच्या कंपनीच्या बसवरचं. पहाटे यिशुनहून निघणारी, गेटवर पास दाखवून आयलंडमध्ये शिरणारी बस, आणि तोंड उघडं टाकून झोपलेले इंजिनियर. मग मंडळातल्या बाईंचं. मग काही गाण्यांचा एक संच केला, त्यात एक गाणं तिच्या आईवरचं होतं. आई जाऊन तेव्हा थोडे महिने झाले होते आणि मैत्रिणीला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. ते रॅप नव्हतंच. ती साधं, हळू म्हणत गेली आणि अर्ध्यावर तिचा आवाज फुटला. मी विचारलं, परत करायचं का. ती म्हणाली, परत व्हायचं नाही. ते तसंच ठेवलं. आम्ही जे काही केलं त्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं, हे मी आजही म्हणते.

त्याच संचात तिच्या घरमालकिणीवरचंही गाणं होतं. त्या बाईंचा मुलगा परदेशात होता आणि फोन करत नसे. बाई रोज संध्याकाळी नीट केस विंचरून फोनसमोर बसायच्या. मैत्रिणीने ते जसंच्या तसं गाण्यात घातलं, केसांच्या पिनांसकट, आणि शेवटी फोन वाजतो तेव्हा तो कुणीतरी चुकून लावलेला असतो. गाणं झाल्यावर तिने ते क्लेमेंटीच्या घरी मोठ्याने लावलं. मी तिथे होते. बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ठेका आवडला म्हणून त्या हसत हसत टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मैत्रीण त्यांच्या टाळ्यांवर तोंड हलवत ओळी म्हणत राहिली, थेट त्यांच्या डोळ्यांत बघून. मी मधेच उठून ते बंद केलं. बाई मला म्हणाल्या, नाइस साँग, व्हाय स्टॉप.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी पोहोचले तेव्हा ते दवाखान्यातून घरी आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की समजतंय किती हे सांगता येत नाही, पण शब्द परत येणं अवघड आहे. एवढे शब्द असलेल्या माणसाच्या तोंडात दोनच उरले होते. “थांब की.” पाणी हवं असलं तरी थांब की, नको असलं तरी थांब की. आईला हाक मारायची तर थांब की. ते बोलायला तोंड उघडायचे तेव्हा चेहऱ्यावरून कळायचं, की आत काहीतरी वेगळंच तयार आहे. बाहेर तेच यायचं. मग ते स्वतःच दचकायचे. आईने स्वरांवरून ओळखायला सुरुवात केली होती. लांबवलं तर पाणी, तोडून म्हटलं तर कूस बदलायची.

मी मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं, चमच्याने भरवण्यापासून कपडे बदलण्यापर्यंत, तेव्हा ती हमसून रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मला त्यांचा आवाज पाठव की.” मी पाठवला. मग म्हणाली, विद्यापीठात अशा गेलेल्या वाचेवर काम करणारी एकजण तिच्या ओळखीची आहे, तिला ऐकवते. पण एकच उपयोगाचा नाही, वेगवेगळ्या वेळचा लागेल. रागातला, हसतानाचा, दुखत असतानाचा. मी मोबाईल घेऊन अण्णांच्या उशाशी बसायचे. खांदा मोकळा करायला एक माणूस घरी यायचा. तो हात वर न्यायचा तेव्हा अण्णा कळवळून ओरडायचे, “थांब की, थांब, थांब की,” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तेही मी रेकॉर्ड करून पाठवलं. मैत्रिणीने लिहिलं, हा सगळ्यात चांगला आलाय.

मी परत आले. ती रविवारी यायची बंद झाली होती, काम आहे म्हणायची. त्या वाचेवाल्या बाईंचं काय झालं विचारलं, तर ऐकायला दिलंय म्हणाली.

एका सकाळी बस आयलंडच्या पुलावर होती. माझ्यामागे साताऱ्याकडचा एक सहकारी बसायचा, वयाने लहान, मला ताई म्हणणारा. त्याने पुढे वाकून इअरफोन दिला. त्याच्या गावच्या ग्रुपवर आमचं नवं गाणं आलं होतं, सगळे तेच लावत होते. मी म्हटलं, नवं नाही आमचं काही. तो म्हणाला, ऐका तर.

आधी हलगी वाजली. मग मैत्रिणीचा आवाज आला, पण बोलणं अण्णांचं होतं. त्यांचीच धाटणी, त्यांचाच श्वास. एक म्हातारा पैलवान बिछान्यात पडलाय आणि तिथून कुस्ती खेळतोय. पहिली कुस्ती चमच्याशी, त्यात खीर हनुवटीवरून ओघळते. दुसरी लंगोटाशी, आता बायको बांधते त्या लंगोटाशी. तिसरी जिभेशी. प्रत्येक वेळी म्हातारा चीत. आणि प्रत्येक कुस्तीच्या शेवटी अण्णा स्वतः, माझ्या मोबाईलवरून घेतलेले, “थांब की.” कधी रागात, कधी हसत, पाहिजे तसे कापून. एका ओळीत त्याची लेक विमानातून हात करत होती. शेवटी हलगी एकदम बंद पडली, सगळं शांत झालं, अण्णा जसे मैदानात गप्प व्हायचे तसं. त्या शांततेत खांद्याची ती किंकाळी आली, “थांब की, थांब, थांब की,” आणि तिच्यावर ठेका कोसळला.

मी इअरफोन काढला. तो म्हणाला, “ताई, हे थांब की म्हणणारा कोण घेतलाय? नट भारी आहे.”

“माझे वडील आहेत,” मी म्हटलं.

त्याला चेष्टा वाटली आणि तो हसला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, इअरफोन काढून घेतला आणि गेट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मी पास दाखवला, हेल्मेट घातलं आणि दिवसभर काम केलं. त्या दिवशी एका पंपाची चाचणी होती. ती नीट झाली.

संध्याकाळी मी परस्पर क्लेमेंटीला गेले. ती तिच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, कॉफी पीत बसली होती, मी येणार हे माहीत असल्यासारखी. मी बसायच्या आत तिने विचारलं, “शेवटपर्यंत ऐकलंस का?”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढून टाक.

“न्हाई काढत,” ती म्हणाली. “आपलं सगळ्यात चांगलं झालंय ते. तुला पण म्हायत हाय.”

मी त्या वाचेवाल्या बाईंचं विचारलं. अशी एकजण आहे, पण तिला पाठवलं नाही, असं ती सरळ म्हणाली. तिला पाठवून काय होणार होतं, अण्णांचे शब्द परत येणार होते का. मी म्हटलं, त्यांनी तुला मुलीसारखं वागवलं. तिने कॉफीचा कप बाजूला केला.

“तुझ्या बापाला त्यातलं काय कळतंय आता? आणि कळत असलं तर लई चांगलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या पडण्यावर बोलला की तो माणूस. कोण कसा आपटला, कुणाची पाठ लागली. मी त्याच्या पडण्यावर बोललो. त्यानंच शिकवलंय मला.”

मग ती आणखी म्हणाली, “तुला आवाज हाय, पण तुझ्याकडं सांगायला काय नसतंय. इतकी गाणी झाली, तुझ्या ओळी मी झाकत आलो. तुझ्या घरातनं पहिल्यांदा कायतरी खरं निघालंय, आणि ते पण तुझं न्हाई.”

आजूबाजूला लोक ट्रे घेऊन जागा शोधत होते. एका मावशीने हाताने खूण करून विचारलं, की ही खुर्ची रिकामी आहे का. मी उठून तिला माझी खुर्ची दिली आणि निघाले.

घरी आल्यावर दिसलं, की गाणं आमच्या जोडीच्या नावावर, माझ्याच खात्यावरून गेलंय; मी ते तिथून काढलं, पण तोवर ते ग्रुपांवर पसरलं होतं. त्यामुळे गावाकडे सगळ्यांच्या लेखी ते माझं होतं. दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही. बापाचं हगणं-मुतणं गाण्यात घातलंस, एवढंच म्हणाला. मी सांगायला लागले, की ते मी केलेलं नाही. त्याने विचारलं, “रेकॉर्ड कोण करत होतं मग? मी बघत होतो की.” एवढं विचारून त्याने फोन ठेवला.

लग्नांचे दिवस होते. डीजेवाल्यांना ते गाणं फार सोयीचं होतं, मधे थांबतं, मग एकदम सुरू होतं, पोरं त्यावर उड्या मारतात. आमच्या गल्लीतून एक वरात गेली आणि आमच्या दारासमोरच ते लागलं. पुढचं मला आईने सांगितलं. भिंती हादरत होत्या. अण्णांनी पहिल्यांदा कान टवकारले. स्पीकरवरून “थांब की” आलं, तसं त्यांनी पलंगावरून उत्तर दिलं, “थांब की.” आईला वाटलं, आवडलंय त्यांना. परत आलं, परत त्यांनी उत्तर दिलं, या वेळी जोरात. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खांद्याची किंकाळी आली आणि बाहेर सगळ्या वरातीने ती एका सुरात ओरडून म्हटली.

त्यानंतर अण्णा बोलले नाहीत. उरलेले दोन शब्दही त्यांनी तोंडातून काढले नाहीत. पाणी हवं असलं तर डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायचे. गल्लीतली मुलं शाळेला जाता-येता खिडकीशी थांबून आत “थांब की” करायची आणि पळायची. आई कधी काठी घेऊन बाहेर यायची, कधी तिच्याने उठवत नसे.

मी रजा काढून गेले. अण्णांच्या उशाशी बसून त्यांना सगळं सांगितलं. की ते मी केलं नाही, धाकटीने केलं, मला फसवून केलं. दोनदा सांगितलं, साध्या शब्दांत, लहान मुलाला सांगावं तसं. ते छताकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी डावा हात उचलला आणि दाराकडे दाखवला. दादा म्हणाला, बाहेरचा आवाज त्यांना सहन होत नाही, दार लावून घे म्हणत असतील. मी दार लावून परत येऊन बसले. त्यांनी हात पुन्हा उचलला आणि दाराकडेच दाखवला. मी उठून माजघरात गेले. राहिले तेवढे दिवस मी त्यांच्या खोलीत ते झोपलेले असतानाच जायचे.

सिंगापूरला परत आल्यावरच्या रविवारी नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आधी माझं खातं उघडून आमच्या जोडीचं जे काही उरलं होतं ते सगळं काढून टाकलं. मग घरच्या डिस्कवरच्या मूळ फायली पुसायला घेतल्या. बसचं गाणं. मंडळातल्या बाईंचं. घरमालकिणीचं. कुकरची शिट्टी असलेलं ते पहिलं. घाई केली नाही. प्रत्येक एकदा शेवटपर्यंत ऐकलं आणि मग पुसलं.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. गाणी दिसत नाहीत म्हणून कुणीतरी तिला कळवलं होतं. ती आधी चिडलेली होती. मग तिला लक्षात आलं, की मूळ फायलीही माझ्याकडेच आहेत, आणि तिचा आवाज बदलला. बाकी काय करायचं ते कर म्हणाली.

“आईचं तेवढं मला दे. माझ्याकडं ते न्हाई.”

“नाही,” मी म्हटलं.

“तू पुसलंस का?”

मी फोन ठेवला. ते अजून पुसलं नव्हतं, सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर मी ते लावलं. तिचा आवाज जिथे फुटतो तिथपर्यंत ऐकलं, आणि पुसलं. नवरा अधूनमधून विचारतो, तुला त्याचं वाईट वाटत नाही का. वाटत नाही. वाटलं असतं तर लपवलं नसतं. तिने नंतर बरेच फोन केले, एकदा घरीही आली आणि जाळीच्या दारापलीकडे उभी राहून रडली. मी मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि जाळीमागचं लाकडी दार लावून घेतलं. पुढे तिचं इथलं काम संपलं आणि ती दुसऱ्या देशात गेली, असं कळलं.

माझ्या पुसण्याने एक मात्र झालं, ज्याचा मी विचार केला नव्हता. ते ‘थांब की’ तोपर्यंत शेकडो लोकांनी उतरवून घेतलं होतं. डीजेंच्या पेनड्राइव्हवर होतं, कुणी त्याला नवा ठेका लावला होता, कुणी लग्नाच्या व्हिडिओखाली घातलं होतं. ते पुसलं गेलं नाही. बाकीची आमची गाणी थोड्याच लोकांनी ऐकली होती आणि ती कुणीच ठेवली नव्हती. आता आमच्या जोडीच्या नावावर जगात एवढंच शिल्लक आहे, आणि त्यात माझा आवाज एका ठिकाणीही नाही.

अण्णा थंडीत गेले. शेवटपर्यंत गप्पच होते.

पुढच्या जत्रेला गावाच्या मैदानात त्यांच्या आठवणीसाठी कुस्त्या ठेवल्या होत्या. कमिटीने आग्रहाने मला बोलावलं. मी मुद्दाम गेले, कारण माईक हातात आला की सगळ्या गावासमोर एकदाच काय ते खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. आखाड्याच्या कडेला अण्णांचा हार घातलेला मोठा फोटो होता. नवा निवेदक म्हणाला, बापाची वाचा गेली, पण लेकीने परदेशात राहून त्यांचा आवाज घराघरांत पोहोचवला. मला वर बोलावून शाल आणि नारळ दिला. आणि मी माईक धरला, तेवढ्यात कुणीतरी गाणं लावलं. सगळं मैदान उभं राहिलं. किंकाळीच्या जागी हलगीवाले थांबले आणि हजारो माणसं एकदम ओरडली. पुढच्या रांगेत आई बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं. तिला मी खरं काय ते आधीच सांगितलं होतं. ती तेव्हा हो म्हणाली होती. आता ती लोकांना दुसरंच सांगत होती, आणि तिचा चेहरा फार दिवसांनी उजळलेला होता.

मी माईकवर सगळ्यांचे आभार मानले आणि खाली उतरले.

संध्याकाळी घरी आई म्हणाली, “तुझ्या मोबाईलवर लाव की ते.” मी म्हटलं, नको. ती म्हणाली, “दुसरीकडं कुठं हाय त्यांचा आवाज? मैदानातला कुणी ठेवलाय का?” ते खरं होतं. इतक्या वर्षांत कुणी अण्णांचं निवेदन रेकॉर्ड केलं नव्हतं, आम्हीही नाही. मी शोधून गाणं लावलं. आई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. चमच्याचं आलं, लंगोटाचं आलं, तिने मान खाली घातली नाही. किंकाळी आली तेव्हा तिने मोबाईल हातात घेतला.

“हितं खांदा दुखला त्यांचा,” ती म्हणाली. “त्या माणसाला मी सांगत होतो, हळू कर म्हणून.”

गाणं संपलं. तिने मोबाईल माझ्याकडे दिला आणि परत लावायला सांगितलं.